ती ओरडली का नाही?

बलात्कार झालेल्या एका मुलीबद्दल एकांनी विचारलंय, ‘ती स्वतःहून त्याच्या खोलीवर गेली, मग ओरडली का नाही?’ स्वीडनमधल्या २०१७ च्या एका अभ्यासात बलात्कारानंतर उपचारांसाठी आलेल्या २९८ स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के जणींचं शरीर त्या क्षणी थिजलं होतं. हात हलत नाही, आवाज फुटत नाही. याला संमती कसं म्हणायचं?

मला जास्त टोचतं ते वेगळंच. हल्लेखोर अनोळखी असला की कॉलेजातली सगळी मुलं पेटून उठतात. तोच आपल्या ग्रुपमधला निघाला की लगेच त्याच्या करिअरची काळजी सुरू होते, आणि तिला विचारलं जातं, “किती प्यायली होतीस? आधी मेसेज कोणी केला?” बहुतेकदा ती हे पहिल्यांदा मैत्रिणीलाच सांगते. तिथेच उलटतपासणी झाली की ती पुढे तोंडच उघडत नाही, डॉक्टरकडे जाणं तर दूरच. एचआयव्ही टाळण्याची औषधं मात्र ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. तेव्हा आधी एवढंच विचारा: “आत्ता सुरक्षित आहेस ना? दवाखान्यात जाऊया, मी येते सोबत.”