गरम पाण्याच्या मशीनने गालिचा धुताना: तुमचे अनुभव लिहा

नमस्कार. पुण्यात सहकारनगरमधल्या आमच्या घरात हॉलभर पसरलेला गालिचा आहे, बाबांनी हौसेने घेतलेला. फेब्रुवारीत गरम पाण्याचं मोठं मशीन एका दिवसासाठी भाड्याने आणलं. संध्याकाळी गालिचा नव्यासारखा दिसत होता. तीन आठवड्यांत दारापासून सोफ्यापर्यंतच्या वाटेवर काळपट पट्टा उमटला, आधी होता त्याहून गडद. हात फिरवला तर किंचित चिकट लागायचं. बाटलीवर लिहिलेलं माप कमी वाटलं म्हणून मी साबण दुप्पट घातला होता. तोच तंतूंत राहिला आणि पायांची धूळ धरून बसला.

दिवाळीआधी पुन्हा धुवायचा आहे. ज्यांनी हे मशीन स्वतःच्या हाताने चालवलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. काय बिघडलं तेही लिहा, त्याचाच जास्त उपयोग होतो.

* * *

वाकडहून. ऑफिसांचे गालिचे धुण्याचं काम, अकरा वर्षं

ताई, साबणाचं तुम्ही बरोबर ओळखलंत. पण मूळ गोष्ट वेगळी आहे. सगळे याला स्टीम म्हणतात, प्रत्यक्षात यात वाफ नसते. मशीन गरम पाणी दाबाने गालिच्यात सोडतं आणि त्याच तोंडाने लगेच ओढून घेतं. पाणी सोडणं कोणालाही जमतं. गालिचा स्वच्छ होतो तो ओढण्याने. जेवढं पाणी आत राहिलं तेवढी घाणही आतच राहिली.

आम्ही आधी सुकं व्हॅक्यूम करतो, आणि घाईत तेच टाळलं जातं. गालिच्यातली बहुतेक घाण म्हणजे कोरडी माती. ती न काढता पाणी सोडलं की चिखल होऊन तंतूंच्या मुळाशी जातो. हिंजवडीच्या ऑफिसांत पावसाळ्यानंतर आम्ही एका जागेवर चार-पाच वेळा फिरवतो, उभं आणि आडवं.

मग साबणाचं पाणी हातपंपाने फवारायचं, मऊ ब्रशने चोळायचं आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. या वेळात साबण तेलकट थर सोडवतो. फवारलेलं सुकू मात्र द्यायचं नाही, म्हणून एकदम अख्खा हॉल फवारू नका, खाटेएवढा तुकडा घ्या. मशीनच्या टाकीत मी साबण घालतच नाही, नुसतं गरम पाणी. म्हणजे ओढताना तंतू खळबळूनही निघतात.

वँड, म्हणजे मशीनच्या नळीला जोडलेली हातात धरायची दांडी, आपल्याकडे ओढायची, सावकाश. फवाऱ्याचा खटका पट्टा संपायच्या वीतभर आधी सोडायचा, नाहीतर टोकाला पाणी साचतं. त्याच पट्ट्यावरून खटका न दाबता निदान दोन वेळा नुसतं ओढायचं. वँडच्या तोंडाला पारदर्शक झाकण असतं, त्यातून पाणी जाताना दिसतं. ते दिसायचं थांबलं की पुढचा पट्टा घ्या, आधीच्यावर थोडा चढवून. माझ्याकडे नवीन आलेल्या मुलांना पहिला आठवडा मी फक्त हे कोरडं ओढणं करायला लावतो.

घाण पाण्याच्या टाकीत फेस झाला तर फेसनाशक टाका. पाणी भरलं की तरंगता झडप सक्शन बंद करतो, पण फेसावर तो नीट उचलला जात नाही आणि फेस थेट मोटरमध्ये जातो. आमची एक मोटर अशीच गेली.

* * *

कर्वेनगरहून. मंगल कार्यालयाची व्यवस्था बघतो

मी फक्त हळदीबद्दल लिहितो, कारण ते कोणी सांगत नाही.

सकाळी हळद लागली, दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांचं लग्न. स्टेजवरच्या मोतिया रंगाच्या गालिच्यावर परातीएवढा पिवळा डाग. मुलाने नेहमीचा फवारा मारला, ब्रश फिरवला आणि धावत मला बोलवायला आला. डाग लालभडक झाला होता. तो घाबरला होता, मीही हादरलो. गरम पाण्याने चार वेळा ओढलं, लाल तसाच.

घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, हळद आणि चुन्याचंच कुंकू करतात ना!" तेव्हा लक्षात आलं. हळदीतला रंग क्षाराला लागला की लाल होतो, आणि आमचा फवारा क्षारयुक्त होता. रात्री एक वाटी पांढरं व्हिनेगर चार वाट्या पाण्यात घालून कपड्याने टिपत बसलो. लाल उतरून पुन्हा पिवळं झालं. पूर्ण गेलं नाही. लग्नात त्या जागेवर चौरंग ठेवून वेळ भागवली. नंतर तो तुकडा गच्चीत एप्रिलच्या उन्हात पसरला, तेव्हा डाग फिका होत होत जवळपास दिसेनासा झाला. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, हे हळदीची साडी वाळत घालणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असतं.

आता आमच्याकडे नियम आहे. हळद आधी कोरडी खरवडायची, व्हॅक्यूम करायची. ओला हात नाही, साबण नाही. रंग उरला तर व्हिनेगरचं पाणी, तेही कोपऱ्यात तपासून. मशीन सगळ्यात शेवटी. उचलता येण्याजोगं असेल ते उन्हात. आणि हळदीच्या विधीला खाली जुनी सतरंजी अंथरायला मी यजमानांना आधीच हात जोडून सांगतो.

* * *

नारायण पेठेतून

विजेचं बघा. आम्ही आणलेल्या मशीनवर 3000 वॉट लिहिलं होतं, म्हणजे 230 व्होल्टला 13 अँपिअर. जुन्या घरातल्या 6 अँपिअरच्या छोट्या प्लगवर, वर गुंडाळलेली एक्स्टेन्शन वायर. दहा मिनिटांत प्लास्टिक जळाल्याचा वास. गीझर किंवा एसीचा 16 अँपिअरचा पॉइंट वापरा, वायर जाड घ्या आणि पूर्ण उलगडा. ओल्या गालिच्यावर उभं राहून काम करताना अर्थिंग नसेल तर मशीन लावूच नका.

* * *

वाघोलीहून

आमच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी. तिसऱ्या वेळेला फवारा अर्धाच पडायला लागला, गालिच्यावर एक पट्टा धुतलेला, एक तसाच. नोझल काढून पाहिलं तर पांढरे क्षार. लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवल्यावर मोकळं झालं. जड पाण्यात साबणही नीट काम करत नाही, मग माणूस आणखी साबण ओततो आणि ताईंसारखं चिकट होतं. आता धुण्यासाठी कॅन्टोन्मेंटमधल्या भावाकडून नळाचं पाणी कॅनमध्ये आणते. काम संपल्यावर टाकी साध्या पाण्याने चालवून रिकामी करून ठेवते.

* * *

धायरीहून

जुलैमध्ये धुवू नका. सासूबाई तीर्थयात्रेहून यायच्या आत घर लख्ख करायचं म्हणून मी धुतला. बाहेर चार दिवस झड. वरून हाताला कोरडा लागत होता, तिसऱ्या दिवशी खोलीत कुबट वास. उलटला तर खालचं तागाचं अस्तर ओलं, आणि कडांना वरपर्यंत तपकिरी झाक चढलेली. तागाचा रंग पाण्याबरोबर वर आला होता.

त्याहून वाईट वाटलं ते चहाच्या डागाचं. धुतल्यावर पूर्ण गेला होता, वाळताना परत आला. नंतर एका जाणकार काकांनी समजावलं की डाग मुळाशी होता. वाळताना पाणी तंतूंमधून वर चढतं आणि डाग सोबत घेऊन येतं. त्यांच्या सांगण्यावरून ती जागा किंचित ओली केली, वर जाड पांढऱ्या सुती कापडाची घडी, त्यावर पाट आणि वरवंटा ठेवून रात्रभर सोडली. सकाळी डाग कापडावर होता.

आता ऑक्टोबरच्या उन्हात धुते. टेबलफॅन जमिनीवर आडवा, वारा गालिच्याला घासून जाईल असा. फर्निचर लगेच ठेवायचं झालं तर पायांखाली प्लास्टिकचे तुकडे. सागवानाच्या पॉलिशचा लाल डाग एकदा बसला तो अजून आहे.

* * *

वानवडीहून

आमच्याकडे हाताने गाठी मारलेला काश्मिरी गालिचा आहे. मशीन दारात आलं होतं, तरी आधी दोन गोष्टी केल्या. कडेचा एक धागा जाळला: केस जळल्याचा वास आला, राख बोटांत चुरली, म्हणजे लोकर. कृत्रिम असता तर वितळून टणक मणी झाला असता. मग ओलं पांढरं फडकं लाल भागावर पाच मिनिटं दाबलं. फडक्यावर गुलाबी उमटलं. मी मशीन परत पाठवलं आणि हाताने धुणाऱ्या कारागिराकडे दिला. लोकरीला तीव्र क्षाराचा साबण आणि फार गरम पाणी सोसत नाही, रंग सुटणारा असेल तर विचारूच नका. मशीन वाईट नाही, दिवाणखान्यातल्या कृत्रिम गालिच्यावर तेच मी समाधानाने वापरते.

* * *

औंधहून, घाईत

बाळाने दूध ओकलं असेल किंवा रक्ताचा डाग असेल तर आधी थंड पाणी. गरम पाण्याने तो पक्का बसतो.

* * *

सहकारनगरहून, सुरुवातीला अनुभव विचारणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. गेल्या रविवारी धुतला. धागा जाळून पाहिला, मणी झाला. टाकीत साबण घातला नाही. पहिल्या ओढीतच वँडच्या तोंडातून फेस आला, तो फेब्रुवारीतला साबण होता. नुसत्या गरम पाण्याने तीन वेळा ओढल्यावर फेस थांबला.

वाकडच्या दादांचं वाचून मी या वेळी पाणी मोजलं. 40 लिटर आत घातलं. घाण पाण्याची टाकी बादलीने मोजून ओतली, 33 लिटर निघालं. शेवटचा तास फक्त कोरडं ओढत होते, खांदे भरून आले, आणि त्या तासाभरातच त्यातलं पाच लिटर मिळालं. फेब्रुवारीत ते पाच लिटर मी गालिच्यातच ठेवलं असणार. रात्रभर दोन पंखे लावले. सकाळी कोपरा उलटून खालून हात लावला, कोरडा होता.

दारापासूनच्या वाटेवर लक्ष ठेवून आहे. महिन्याने इथेच लिहीन.