थॉमसन द्राक्षाची चांगली वाइन होत नाही हो!

‘सुपरमार्केटात वाइन आली असती तर द्राक्षवाले तरले असते,’ असं काही जण म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. २७ जानेवारी २०२२ चा महाराष्ट्र मंत्रिमंडळाचा वाइनविक्रीचा निर्णय हजार चौरस फुटांहून मोठ्या दुकानांपुरता होता. कपाटात बाटल्या ठेवायच्या, एवढंच. विरोध झाला नि गाडी तिथेच अडकली.

पण बाजारात द्राक्षांचे पडलेले भाव त्याने कसे सुधारणार? आपल्याकडे बहुतेक बागा थॉमसन, सोनाका अशा खायच्या द्राक्षांच्या. वाइनसाठीच्या शिराज किंवा कॅबरने जातीचं द्राक्ष हातात घेऊन बघा: मणी बोराहून लहान, साल जाड, आत बिया. लाल वाइनला रंग त्या सालीतून येतो, तुरटपणा साल आणि बियांतून. थॉमसनमध्ये साल पातळ, बी नाहीच. गोडीही कमी, वाइनला साधारण २२-२४ ब्रिक्स (रसातल्या गोडीचं माप) लागतो.

माझ्या मामांनी नाशिकजवळ दिंडोरीकडे दोन एकर कॅबरने लावला होता. करार केलेल्या वाइन कंपनीचा माणूस यायचा, मणी चिरडून रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या (गोडी मोजायच्या यंत्राच्या) काचेवर टाकायचा, त्यावर भाव. २००९ च्या मंदीनंतर एका हंगामात तो माणूस आलाच नाही. करार कागदावर, माल वेलीवर. हा माल बाजार समितीत कोण घेणार? बिया थुंकत कोण खाणार? मामांनी बाग उपटली आणि थॉमसन लावला.

तेव्हा दुकानातल्या कपाटाआधी करार मोडला तर शेतकऱ्याने कुणाच्या दारात जायचं, ते ठरवा. सरकारने वाइनवरच्या व्हॅटचा परतावा ठेवला, तोसुद्धा वायनरीला, बागायतदाराला नाही.