पट्टी उतरवली म्हणजे गायक संपला का?

तारषड्ज:
काल इथे एकाने लिहिलंय की दौऱ्याच्या शेवटी शेवटी ज्यांचा गळा बसतो ते मुळातच कच्चे, आणि मूळ पट्टीत गाता येत नसेल तर सरळ घरी बसावं, पट्टी उतरवून, म्हणजे मूळ गाण्यापेक्षा खालच्या सुरात गाणं म्हणजे तिकीटवाल्यांची फसवणूक. वाचून डोकं सणकलं म्हणून एवढं टाइप करतोय. अहो, ४४० हर्ट्झचा सूर लावला की स्वरतंतू एका सेकंदात ४४० वेळा एकमेकांवर आपटतात, आणि हे दोन दोन तास, मग रात्रीचा प्रवास, विमानातली कोरडी हवा, अर्धवट झोप, सकाळी मुलाखती, दुपारी साऊंडचेक. तंतू सुजले की नीट मिटत नाहीत, हवा निसटते, मग गळा आवळून जोर लावायचा, त्याने सूज आणखी वाढते. ब्रिटिश गायिका अडेलला २०११ साली स्वरतंतूत रक्तस्राव झाला, दौरा रद्द करून ऑपरेशन करावं लागलं, आणि २०१७ मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवरचे शेवटचे दोन शो परत गळ्यापायीच गेले. ती पण कच्ची का?

रोखठोक:
तो "एक" म्हणजे मी, नाव घ्यायला लाजू नका. आणि अडेलचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. छातीचा आवाज, म्हणजे बोलताना असतो तो जाड आवाज, तसाच वरच्या सुरांत रेटत नेला की हेच होणार. ऑपेरावाले माईकशिवाय अख्ख्या ऑर्केस्ट्राच्या वरून गातात, त्यांचं कसं निभतं? तंत्र पक्कं असतं म्हणून.

तारषड्ज:
ते मोठ्या भूमिका रोजच्या रोज गात नाहीत हो! मधे दोन-तीन दिवस गळ्याला सुट्टी असते. ती सुट्टी दौऱ्यावरच्या गायकाला द्या आणि मग तंत्राचं बोला.

खडूफळा:
गायकांना निदान कुणी विचारतं तरी. मी २२ वर्षं शिकवतेय, दोन्ही तंतूंवर गाठी आल्या, त्याचं कुणाला काही नाही. मौन पाळा सांगितलं तर मी दहा दिवस कुजबुजत बोलले, तेच मौन समजून! नंतर कळलं की जोर लावून कुजबुजणं पण गळ्याला वाईटच. आणि गुळण्या गुळण्या करणाऱ्यांनी ऐका, गुळणीचं पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचतच नाही, पोचलं तर ठसका लागेल.

कोरसवाली:
रोखठोक, तुम्ही कधी सलग गायलाय का? मी मागे उभं राहून गाणारी, नाव कुणाला माहीत नसतं. एका दौऱ्यात महिन्यात १९ शो होते. बाराव्यापर्यंत वरच्या सुरांत भोकं पडायला लागली. मोठ्याने लावला की सूर लागायचा, म्हणून सगळे म्हणायचे काही झालेलं नाही, पण खरी परीक्षा हळू आवाजात वरचा सूर लावण्यात असते, सूज असली की तिथे नुसती हवा येते. मला रोज सकाळी हवाच यायची. मग एक इंजेक्शन दिलं, स्टेरॉइडचं, त्या रात्री जादू झाल्यासारखं गायले, त्यामुळे पुढचे तीन शो पण घेतले, आणि चौथ्या दिवशी बोलायलाही आवाज नाही. त्यात रियाजाचा काय संबंध? मुळात स्टेजवर स्वतःचा आवाजच ऐकू येत नव्हता, मॉनिटरमध्ये, म्हणजे आमच्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमध्ये, फक्त ड्रम.

फेडरवाला:
आलं शेवटी साऊंडवाल्यावर! मी वाटच बघत होतो. मॅडम, मॉनिटर वाढवला की माईक शिट्टी मारतो, मग शिव्या पण मलाच. गिटारवाला दर गाण्याला हळूच आपला अ‍ॅम्प वाढवतो, त्याला कोण बोलणार?

कोरसवाली:
मग इन-इअर द्या ना, कानात घालायचे मॉनिटर. मेन गायकाला होते, आम्हा कोरसला वेज, म्हणजे जमिनीवरचा तिरका स्पीकर, तो पण तिघींत एक.

फेडरवाला:
पैसे आयोजक देतो, मी नाही. आणि इन-इअर दिले तरी अर्धे लोक एक कान काढून ठेवतात, "पब्लिक ऐकू येत नाही" म्हणे. मग उघड्या कानात गोंगाट, तो ऐकून नकळत ओरडायला लागतात. गोंगाटात माणूस आपोआप मोठ्याने बोलतो, आवरायचं म्हटलं तरी सहज आवरत नाही.

रोखठोक:
म्हणजे चूक गायकाचीच की, कान तोच काढतो!

फेडरवाला:
हे मी म्हटलेलं नाही, माझ्या तोंडी घालू नका.

खडूफळा:
वर्गात तर मॉनिटर पण नसतो. असतो तो मुलांमधला, आणि तोच सगळ्यात जास्त ओरडतो.

तारषड्ज:
मूळ मुद्द्यावर याल का कुणी? ब्रिटिश गायक एल्टन जॉनचं १९८७ मध्ये गळ्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर आवाज खाली आला, पूर्वीचा तो पातळ वरचा आवाज गेला, जुनी गाणी खालच्या पट्टीत गायला लागला. तरी पुढे तीन दशकांहून जास्त स्टेजवर होताच. मला तर त्याचा नंतरचा जाड आवाजच आवडतो. तो घरी बसायला हवा होता?

रोखठोक:
एक उदाहरण निघालं म्हणजे झालं? गायिका-अभिनेत्री ज्यूली अँड्र्यूजचं १९९७ चं गळ्याचं ऑपरेशन विसरलात, तिचा गाण्याचा आवाज गेला तो गेलाच.

तारषड्ज:
मग हेच तर म्हणतोय! तिथे रियाज कमी पडला होता का? ऑपरेशनपर्यंत वेळ जाऊ नये म्हणूनच पट्टी उतरवायची.

रोखठोक:
ठीक आहे, "कच्चे" हा शब्द मागे घेतो, खुश? कोरसवाल्या ताईंसाठी घेतो, तुमच्यासाठी नाही. पण पट्टी उतरवायची, वरच्या जागा बॅकिंग ट्रॅकवर, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेल्या आवाजावर, ढकलायच्या, आणि जाहिरातीत "पूर्ण लाइव्ह" छापायचं, याला मी फसवणूकच म्हणणार. गळा बसलाय हे आधी सांगा, मी तरीही येईन.

कोरसवाली:
सांगितलं की पुढचं काम मिळत नाही. मी सांगितलं होतं.

फेडरवाला:
आणि ते ट्रॅक पण मीच वाजवतो बरं का. एकदा गायिका खोकत होती आणि ट्रॅक गातच होता, तेव्हापासून म्यूट बटणावरून बोट काढत नाही.