फाइल तीन विभागांत फिरत असेल तर मुदत कोणाची मोजायची?

पायवाट : दप्तर दिरंगाईच्या २००५ च्या कायद्यातील कलम १० नुसार नस्ती (म्हणजे फाइल) एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ राहू नये, तसेच विभागातल्या विभागात ४५ दिवसांत आणि इतर विभागांकडे पाठवावी लागल्यास तीन महिन्यांत निर्णय व्हावा, अशी तरतूद आहे. तरीही आमच्या गावच्या पाण्याच्या टाकीसाठी गायरानातील जागा मागण्याचा प्रस्ताव महसूल, ग्रामविकास आणि पाणीपुरवठा यांच्यामध्ये वर्षभरापासून फिरतो आहे, आणि जिथे चौकशी करावी तिथे ‘आमच्याकडे काही प्रलंबित नाही’ असे सांगितले जाते. हे कसे शक्य होते?

निवृत्त अव्वल कारकून : ते खोटे बोलत नाहीत, हीच तर अडचण आहे. कार्यालयातले कागद सहा गठ्ठ्यांत लावण्याच्या ‘सहा गठ्ठे’ पद्धतीत एक गठ्ठा ‘प्रतीक्षाधीन’, म्हणजे दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणाऱ्या, प्रकरणांचा असतो. ‘अभिप्रायार्थ सादर’ असे पत्र जावक झाले की प्रकरण त्या गठ्ठ्यात जाते आणि टेबल मोकळे दिसते. पलीकडचे कार्यालय सातव्या दिवशी एक त्रुटी काढून ते परत पाठवते. ती पूर्ण केली की दुसरी निघते. प्रत्येकाने आपापली मुदत पाळलेली असते आणि टाकी मात्र कागदावरच राहते. माझ्या मते सर्व त्रुटी एकाच वेळी कळवण्याचे बंधन आणि प्रकरण शेवटपर्यंत नेणारा एकच जबाबदार अधिकारी, एवढे झाले तरी पुष्कळ फरक पडेल.

सातबारा : लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्ये पदनिर्देशित अधिकारी, म्हणजे सेवा देण्यासाठी नेमून दिलेला अधिकारी, असतो, दोन अपिले आणि त्यावर आयोग आहे, शिवाय पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत शास्ती, म्हणजे दंडही आहे. परंतु तो कायदा अधिसूचित, म्हणजे शासनाने जाहीर केलेल्या सेवांपुरताच आहे. उत्पन्नाच्या दाखल्याचा निर्णय एकाच कार्यालयात होतो, म्हणून तिथे हा कायदा उपयोगी पडतो. गायरानाच्या प्रस्तावाला तो लागू करता येणार नाही.

कोरा कागद : एकच जबाबदार अधिकारी हे ऐकायला ठीक आहे, पण तो जागेवर राहतो का? याच २००५ च्या कायद्याने पदावधी साधारणतः तीन वर्षांचा ठरवला आहे, तरी मुदतपूर्व बदल्या होतच राहतात आणि नवे साहेब नस्ती पहिल्या पानापासून वाचायला घेतात. राज्य सरकारच्या २०२५ च्या शंभर दिवसांच्या कार्यक्रमात संकेतस्थळ, स्वच्छता, क्षेत्रीय भेटी अशा मुद्द्यांवर कार्यालयांचे मूल्यमापन झाले, ते चांगलेच आहे. मात्र गुण एकेका कार्यालयाला मिळत असतील, तर दोन कार्यालयांमधल्या वाटेवर गेलेला वेळ कोणाच्या खात्यावर मांडणार?

निवृत्त अव्वल कारकून : बदल्यांचा मुद्दा मान्य आहे. पायवाट, तूर्तास तिन्ही कार्यालयांकडे माहितीच्या अधिकारात टिपणी भागाची (नस्तीतील अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांच्या पानांची) प्रत आणि आवक-जावक नोंदवहीतील उतारा मागा. टिपणीवर प्रत्येक सहीखाली तारीख असते. तिन्हीकडच्या तारखा एका कागदावर क्रमाने लावून, कलम १० मधील तीन महिन्यांच्या मुदतीचा उल्लेख करून तो जिल्हाधिकाऱ्यांना द्या.