मोनोपॉलीचा डबा फेकण्याआधी त्यातली नियमपुस्तिका वाचा

हुकमी_एक्का
काल इथे एकाने लिहिलं: "मोनोपॉली हा घरात भांडणं लावणारा खेळ आहे. चार तास चालतो, शेवटी एक खूश आणि बाकीचे रुसलेले. डबा टाकून द्या, सगळ्यांनी मिळून जिंकायचे खेळ आणा." खाली नुसता होकारांचा पाऊस. मला राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

चार तास का लागतात? तुम्ही दंडाचे पैसे पटाच्या मधोमध साठवता आणि 'फ्री पार्किंग'वर येईल त्याला देता म्हणून. मूळ नियमांत असं काही नाही. तो चौकोन नुसता थांबायचा, तिथे काहीही मिळत नाही. बुडायला आलेल्याच्या हातात दर फेरीला नोटा कोंबल्यात तर डाव संपेल कसा?

दुसरं, लिलाव. सोंगटी ज्या जागेवर पडली ती घ्यायला कुणी नको म्हणालं, तर बँकेने ती तिथल्या तिथे लिलावात काढायची असते. नको म्हणणाऱ्यालाही बोली लावता येते. हा नियम पाळणारं घर मी आजवर एकच पाहिलं, माझं. लिलाव नाही म्हणून जागा पडून राहतात, एका रंगाच्या सगळ्या जागा कुणाकडे जमत नाहीत आणि सगळे नुसते गोल गोल फिरतात.

तिसरं, डब्यात जागांवर बांधायची छोटी घरं ३२च असतात. संपली की संपली. एका घरी मी पाहिलं, घरं संपल्यावर शर्टाची बटणं मांडली! अहो, ती टंचाई हाच तर खेळ आहे. हॉटेल न बांधता चार-चार घरं अडवून बसायचं, म्हणजे समोरच्याला बांधायला काही उरत नाही.

सोंगटी
तुमच्या नियमांनी वेळ वाचेल. रुसवा कसा वाचेल? पहिला बाद होणारा उरलेला वेळ काय करतो? माझी धाकटी बहीण दर वेळी आधी बाद व्हायची आणि कोपऱ्यात बसून आपल्याच सोंगटीचा रंग नखाने खरवडायची. ती सोंगटी शेवटी पांढरी पडली. आज ती पत्त्यांनाही हात लावत नाही.

आणि हा खेळ जन्माला आला तोच मुळी चीड यावी म्हणून. एलिझाबेथ मॅगीने १९०४ साली याच्या मूळ खेळाचं पेटंट घेतलं, ते जमीनदार भाडं खाऊन इतरांना कसं कंगाल करतो हे दाखवायला. मग कंगाल होणाऱ्याला राग आला तर त्यात त्याचं काय चुकलं?

हुकमी_एक्का
मॅगीचा मुद्दा बरोबर आहे, मान्य करावाच लागेल. पण बाद होणं नको असेल तर कटान नावाचा पटावरचा खेळ आहे. तिथे शेवटपर्यंत सगळे पटावर असतात आणि १० गुण झाले की डाव संपतो. त्यासाठी सहकारी खेळच कशाला?

चौथा_भिडू
सहकारी खेळांचं कौतुक करणाऱ्यांनी माझ्या मेव्हण्याबरोबर एकदा पॅन्डेमिक खेळून दाखवावं. "तू इथे जा, तू ते पान ठेव, थांब, चुकतोयस." तीन डाव मी नुसती हमाली केली. जिंकलो म्हणे आपण. मी कुठे जिंकलो? सगळ्यांची पानं सगळ्यांना दिसली की एकाचाच मेंदू चालतो. हनाबी हा पत्त्यांचा सहकारी खेळ त्याहून बरा. आपली पानं उलटी धरायची, आपल्याला सोडून सगळ्यांना दिसतात, त्यामुळे कुणाला एकट्याने हुकूम सोडता येत नाही.

आणि नियमांचा विषय निघालाच आहे तर ऊनो या पत्त्यांच्या खेळाबद्दलही बोला. प्लस टूच्या पानावर दुसरं प्लस टू चढवता येत नाही! ज्याच्यावर आलं त्याने दोन पानं उचलायची, पाळीही गेली. मला एकदा एका फेरीत बारा उचलायला लावली होती.

कवडी
घरात सहा वर्षांचं मूल असेल तर तुमची नियमपुस्तिका काय कामाची? माझ्या मुलाने हरल्यावर पट उधळला. एक फासा कपाटाखाली गेला तो आजतागायत सापडलेला नाही. तेव्हापासून मी त्याच्याशी मुद्दाम हरते. डाव हसत संपतो.

हुकमी_एक्का
मुद्दाम हरणं म्हणजे मुलाशी खोटं बोलणं. ज्या दिवशी त्याला कळेल त्या दिवशी आधीचे सगळे विजय मातीत जातील.

कवडी
तुम्हाला मुलं आहेत का? हरलेलं मूल रात्री उशीत तोंड खुपसून रडताना पाहिलंय का कधी? मग बोला.

हुकमी_एक्का
दोन आहेत. पाहिलंय. तरी बोलतोय.

चौथा_भिडू
आजोबा मला बुद्धिबळात एकदाही जिंकू द्यायचे नाहीत. बाराव्या वर्षी मी पहिल्यांदा मात दिली. त्यांनी पटाकडे बराच वेळ पाहिलं, आडवा राजा उचलून उभा केला आणि म्हणाले, "परत मांड." तो डाव त्यांनी मला दिला असता तर आज आठवला असता का?

सोंगटी
तुम्ही टिकलात म्हणून ही गोष्ट सांगताय. माझी बहीण टिकली नाही. तिची गोष्ट कोण सांगणार?

कवडी
अगदी हेच म्हणत होते मी.

चौथा_भिडू
बरं, असं बघा. लहानपणी आपण लिंबूटिंबू खेळवायचोच की. त्याच्यावर राज्य येत नसे, आणि हे त्याच्यासकट सगळ्यांना ठाऊक असे. त्यात फसवणूक नव्हती. बुद्धिबळात वजीर काढून खेळा आणि आधी सांगा, "मी वजिराशिवाय खेळतोय." मग जीव तोडून खेळा. तो जिंकला तर ते जिंकणं त्याचं. किंवा सापशिडी काढा. तिथे डोकं चालवायला जागाच नाही, फासा पडेल तेवढं जायचं. आई आणि मूल सारखेच.

कवडी
वजिराचं करून बघेन. सापशिडीत मात्र ९८ वर साप लागला तेव्हाच पट उधळला होता त्याने, हे सांगायचं राहिलं.

हुकमी_एक्का
लिंबूटिंबू उघड असतो, हे पटलं. चोरून हरणं मला अजूनही पटत नाही. आता मूळ मुद्द्यावर या. फ्री पार्किंगचे पैसे बंद करा, लिलाव सुरू करा आणि घड्याळ लावून सांगा किती वेळ लागला.

सोंगटी
लावते. बहिणीलाही बोलावते, येईल असं वाटत नाही. पण पहिला बाद होणारा काय करणार, याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.

हुकमी_एक्का
त्याच्याकडे बँक द्या. लिलाव तोच पुकारेल.

सोंगटी
म्हणजे हरलेल्याने कारकुनी करायची. हे तिला तुम्हीच सांगा.