डाळिंब, लिंबू आणि पेरू : तिन्ही झाडांवर एकच रोग असू शकतो का?

जुळे_सोलापूरकर
सर्वांना नमस्कार. आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत भगवा डाळिंब, कागदी लिंबू आणि सरदार पेरू अशी तीन झाडे आहेत. यंदा सप्टेंबरच्या पावसात डाळिंबाच्या पानांवर तेलकट, काळपट डाग पडले आणि आता काही फळे त्या डागांतूनच उकलू लागली आहेत. लिंबाच्या पानांवर व फळांवरही तपकिरी ठिपके आहेत. पेरू मात्र बाहेरून बरा दिसतो आणि कापल्यावर आत अळ्या निघतात. डाळिंबाचाच रोग लिंबावर गेला असून डाळिंब मुळासकट काढावे, असे शेजारच्या काकांचे ठाम मत आहे. औषधाच्या दुकानातून तिन्ही झाडांसाठी एकच कीटकनाशक मिळाले. मुले फळे थेट तोडून खातात म्हणून ते अजून फवारलेले नाही. काय करावे?

सांगोल्याचा_बागायतदार
फवारले नाही हे उत्तम. आपल्या डाळिंबावर तेल्या दिसतो. हा रोग झँथोमोनास नावाच्या जिवाणूमुळे होतो आणि कीटकनाशकाचा जिवाणूवर काहीही परिणाम होत नाही. पानांवरील डाग आधी पाणी शोषल्यासारखे दिसतात, उन्हाकडे धरल्यास त्यांच्याभोवती पिवळी कडा दिसते आणि फळावर त्याच काळ्या डागांतून इंग्रजी वाय किंवा एल अक्षरासारख्या चिरा जातात. डाग नसताना फळ उकलले असेल, तर ते बहुधा पाण्याच्या पाळ्या अनियमित झाल्यामुळे असते. तिथे औषधाचा प्रश्नच येत नाही.

एकदा डाग पडलेले फळ बरे होत नाही, म्हणून रोगट फळे, पाने व फांद्या काढून जाळाव्यात, आणि प्रत्येक कापणीनंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावी, कारण पावसाच्या उडणाऱ्या थेंबांइतकाच हा रोग कात्रीने आणि रोगट झाडाच्या गुटी कलमानेही (झाडावरच फांदीला मुळे फोडून केलेल्या रोपानेही) पसरतो. छाटणीनंतर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. त्यासाठी दहा लिटर पाण्याला 100 ग्रॅम मोरचूद व 100 ग्रॅम कळीचा चुना घ्यावा, दोन्ही प्लास्टिकच्या निरनिराळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावे आणि मिश्रण त्याच दिवशी संपवावे. त्यात लोखंडी खिळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला, तर चुना आणखी हवा. झाड फुलावर असताना हे फवारू नये. जुन्या पुस्तिकांत स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांचे मिश्रण सुचवलेले आढळेल, परंतु पिकांवर त्याचा वापर 2024 पासून पूर्णपणे बंद आहे.

निवृत्त_वनस्पतिशास्त्र_शिक्षिका
काकांच्या शंकेला थोडा आधार आहे. लिंबावरील खैऱ्या रोगाचा जिवाणूही झँथोमोनास गटातलाच आहे. पण तो वेगळा असून तेल्या लिंबावर जात नाही आणि खैऱ्या डाळिंबावर येत नाही, त्यामुळे एकासाठी दुसरे झाड तोडणे निरर्थक आहे. खैऱ्याचा ठिपका उंचवट्यासारखा, बोटाला खरखरीत लागतो. तेल्याचा डाग तसा नसतो. लिंबाच्या कोवळ्या पानांवर चकाकणाऱ्या नागमोडी रेषाही असतील, तर ती नागअळी आहे आणि तिने केलेल्या जखमांतून खैऱ्या सहज आत शिरतो. नवी पालवी फुटताना निंबोळी अर्क फवारल्यास नागअळी आटोक्यात राहते. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी पानावर आढळली, तर ती लिंबावरच्या फुलपाखराची असते. तीन झाडांच्या बागेत ती हाताने वेचणेच पुरेसे आहे.

पेरूतील अळी फळमाशीची आहे. मादी पिकू लागलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळ्या गरात वाढतात आणि कोषात जाण्यासाठी मातीत उतरतात. म्हणून गळलेली फळे रोज उचलून खोल पुरावीत आणि झाडाखालची माती अधूनमधून हलवावी. मिथाइल युजेनॉल या नर माशांना आकर्षित करणाऱ्या रसायनाचा सापळा फक्त नर पकडतो, तेव्हा एवढ्यावर विसंबू नये. फळे लहान असतानाच त्यांना कागदी किंवा कापडी पिशव्या बांधाव्यात. मुलांच्या दृष्टीने हाच सर्वांत निर्धोक उपाय आहे, आणि डाळिंब पोखरणाऱ्या अळीलाही तो लागू पडतो.

केगाव_परिसर
बागायतदारांनी बहराचा, म्हणजे पाणी तोडून झाडाला ठरावीक काळीच फुलवण्याचा, मुद्दा सोडला आहे. घरच्या डाळिंबाला वर्षभर थोडीथोडी फुले येत राहतात, आणि तेल्याला नेमके हेच हवे असते. पावसाळ्यात वाढणारा मृग बहर सोडून सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलणारा हस्त बहर धरल्यास फळे कोरड्या हिवाळ्यात पोसतात.

सांगोल्याचा_बागायतदार
तत्त्व मान्य आहे, पण आपल्याकडे पावसाचा जोर सप्टेंबरात असतो, त्यातून जमीन काळी असेल तर हस्त बहरासाठी झाडाला पाण्याचा ताण बसतच नाही. घरच्या झाडाला मी आंबे बहर सुचवेन. डिसेंबरात पाणी तोडता येते, जानेवारी-फेब्रुवारीत फूल येते आणि उन्हाळ्यात फळ पोसते. मात्र काढणी जूनच्या पुढे गेली, तर शेवटच्या फळांवर पावसाचा धोका राहतो आणि उन्हाळ्यात भाजणाऱ्या फळांना सावलीही करावी लागते.

जुळे_सोलापूरकर
जमीन काळीच आहे, त्यामुळे आंबे बहर धरतो. डाळिंबाचा गळलेला पाला खतखड्ड्यात टाकला तर चालेल का?

निवृत्त_वनस्पतिशास्त्र_शिक्षिका
नाही, तो जाळावा. रोगट अवशेषांत तेल्याचा जिवाणू टिकून राहतो. पेरूचा निरोगी पाला खड्ड्यात टाकण्यास हरकत नाही. फांदी अचानक पिवळी पडून वाळू लागली, तर तो तेल्या नसून मर रोग असू शकतो. अशा वेळी नमुना घेऊन पुणे महामार्गावरील केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात विचारावे.