चित्रपुस्तक निवडताना केवळ वयोगट पुरेसा नाही

मुखपृष्ठावर छापलेला वयोगट पाहून पुस्तक घ्यावे, ही सूचना सोयीची असली तरी मला अपुरी वाटते. चित्रपुस्तक बहुधा 32 पानांचेच असते, त्यामुळे मजकूर हाताने झाकून केवळ चित्रांवरून गोष्ट कितपत उलगडते, हे दुकानात उभ्याउभ्या पडताळता येते. चित्र मजकुराचीच री ओढत असेल, तर मूल ते पुस्तक पुन्हा फारसे मागत नाही. आमच्या मालवणकडची मुले तर याबाबतीत भलतीच काटेकोर असतात. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या होडीला उलांडी (तोल सांभाळणारा बाजूचा लाकडी आधार) दाखवलेली नसली, की गोष्ट तिथेच थांबते आणि चित्रकाराची उलटतपासणी सुरू होते. तेवढ्यावरून पुस्तक बाद करू नये, कारण त्या निमित्ताने मूल पान बारकाईने पाहते. मोफत मराठी गोष्टी प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मिळतात आणि तिथे वाचनाच्या चार पातळ्याही दिलेल्या आहेत. आपल्या मुलाची पातळी मात्र त्याच्याकडून एक पान मोठ्याने वाचून घेऊनच ठरवावी.